पाठीमागचं लेबल : एका इटालियन कौटुंबिक कलादालनाचं प्रकरण

या प्रकरणातली माणसं, त्यांचं शहर आणि चित्रकार यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, आणि काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत. कायदा, मुदती आणि रकमांच्या मर्यादा मात्र आहेत तशाच आहेत. त्या काळात मी या दालनात नोंदणीचं काम करत होते. कुठलं चित्र कुठून आलं, कुठे टांगलंय, कुठल्या पेटीत बंद आहे, त्याचे कागद कोणत्या फायलीत आहेत, हे सांभाळायचं काम. त्यामुळे पुढे येतं ते बरंचसं डोळ्यांदेखत घडलेलं आहे, आणि त्यातली एक चूक माझी आहे.

पार्श्वभूमी

उत्तर इटलीतल्या एका कारखानदारीच्या शहरात एका नवरा-बायकोने १९८०च्या दशकात हे दालन सुरू केलं. नवऱ्याला इथे 'थोरले' म्हणू, बायकोला 'बाई'. थोरल्यांची नजर, बाईंचे हिशेब. पुढे लेक आणि धाकटा मुलगा, दोघंही धंद्यात आले.

माल म्हणाल तर विसाव्या शतकातली इटालियन कला, त्यातही युद्धानंतरची. कॅनव्हासला सरळ चीर देणारा लुचो फोंताना, गोणपाट शिवून आणि जाळून चित्रं करणारा आल्बेर्तो बुर्री, कॅनव्हासखाली खिळे ठोकून त्याला उंचसखल करणारा कास्तेल्लानी, काबूलच्या बायकांकडून जगाचे नकाशे भरतकामात करून घेणारा बोएत्ती. यातलं फारसं काही चित्रकाराच्या हातून थेट येत नाही. येतं ते घरांतून. १९६०च्या दशकात या भागातल्या डॉक्टरांनी, वकिलांनी, छोट्या कारखानदारांनी ही चित्रं घेतली, आणि आता त्यांच्या मुलानातवंडांना ती विकायची असतात. कुठल्या घरात, कुठल्या जिन्यावर काय टांगलंय हे ठाऊक असणं हेच थोरल्यांचं खरं भांडवल. त्यांच्याकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवलेली कार्डं होती. एकेका घराचं एकेक कार्ड.

या बाजारात चित्राइतकीच किंमत त्याच्या कागदाला असते. मोठ्या चित्रकारांच्या मागे फाउंडेशन किंवा आर्काइव्ह उभं आहे. तिथे चित्र दाखवायचं, त्यांनी मान्य केलं की फोटोच्या मागे शिक्का आणि क्रमांक पडतो. त्या क्रमांकाशिवाय फोंतानाचं चित्र मोठं लिलावगृह दारात उभं करत नाही. फोंताना तर कॅनव्हासच्या मागे मनात येईल ते वाक्य लिहून ठेवायचा, आणि आज खरंखोटं ठरवताना ती वाक्यं कामी येतात. म्हणून मुरलेला माणूस चित्र हातात आलं की आधी उलटं करतो.

लंडनची लिलावगृहं कैक वर्षं ऑक्टोबरात खास इटालियन कलेचे लिलाव भरवत. भाव चढत गेले आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये न्यूयॉर्कला फोंतानाचं अंड्याच्या आकाराचं एक चित्र २ कोटी ९१ लाख डॉलरच्या वर गेलं. त्या तेजीत लेकीने लंडनला शाखा काढली. थोरल्यांना ते फारसं रुचलं नव्हतं, पण भाडं परवडत होतं. मग १ जानेवारी २०२१ पासून लंडन कस्टम्सच्या दृष्टीने परदेश झालं. ट्रकभर चित्रं नेऊन टांगायचे दिवस संपले.

दरम्यान घरात वाटणीही झाली होती. इटलीत वारसांचा हिस्सा कायद्याने राखीव असतो, बापाला मनाला येईल तशी वाटणी करता येत नाही. पण २००६ पासून 'पात्तो दी फामील्या' नावाची सोय आहे. हयातीतच धंदा एका वारसाच्या नावावर करायचा आणि बाकीच्यांचा वाटा तिथल्या तिथे फेडायचा. दालनाचे शेअर लेकीच्या नावावर झाले, धाकट्याचा वाटा पैशांत आणि दोन चित्रांत फेडला. नोटरीसमोर सह्या झाल्या, सगळे जेवायला गेले, आणि सोमवारी थोरले नेहमीच्या वेळी येऊन नेहमीच्या खुर्चीत बसले. कागदावर मालकीण लेक, शब्द मात्र थोरल्यांचाच. पुढचं सगळं या फटीतून घडलं.

अडचण

२०२४ च्या वसंतात जवळच्या गावातल्या एका निवृत्त शिक्षिकेने वडिलांच्या संग्रहातलं एक चित्र विक्रीसाठी दालनात ठेवलं. कॅनव्हासवर तेलरंग आणि वाळू, मध्यम आकार. चित्रकार आता हयात नाही, नाव मोठं आहे. आर्काइव्हचा क्रमांक होता, साल १९५४. करार दोन पानांचा: किमान किंमत, कमिशन, सहा महिन्यांची मुदत.

लेकीने जूनमध्येच लंडनच्या ग्राहकांना फोटो पाठवले. एका अमेरिकन संग्राहकाने ऑक्टोबरातल्या आर्ट फेअरमध्ये प्रत्यक्ष बघून घ्यायचं कबूल केलं आणि बयाणाही दिला. रक्कम अशी होती की इटलीत तेवढी मिळण्याची आशा कुणी केली नसती.

आता कायदा. इटलीत हयात नसलेल्या कलाकाराचं जुनं काम देशाबाहेर न्यायचं तर सरकारच्या निर्यात कार्यालयाची गाठ पडते. पूर्वी वयाची अट ५० वर्षांची होती, २०१७ च्या कायद्याने ती ७० वर्षांवर गेली. ५० ते ७० वर्षांमधल्या चित्रासाठी आपणच वय आणि माहिती लिहून निवेदन द्यायचं, आणि असाधारण महत्त्वाचं काम असेल तरच सरकार अडवतं. चित्र ७० च्या पुढचं आणि किंमत १३,५०० युरोच्या वर असेल, तर ते प्रत्यक्ष कार्यालयात नेऊन दाखवावं लागतं. अधिकारी बघतात, ४० दिवसांची मुदत असते. परवाना मिळाला तर पाच वर्षं चालतो. नाकारला, तर चित्र राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित करायची प्रक्रिया तिथूनच सुरू होते. धंद्यात तिला 'नोतीफिका' म्हणतात, आणि हा शब्द आवाज खाली करूनच उच्चारला जातो.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, रवींद्रनाथ अशा मोजक्या चित्रकारांची कामं कलानिधी ठरली आहेत. रविवर्म्याचं चित्र मुंबईच्या लिलावात खुशाल विकता येतं, पण देशाबाहेर जात नाही. आपल्याकडे ती यादी आधीपासून माहीत असते, इटलीत एकेका चित्राचा निकाल एकेकटा लागतो. नोतीफिका झालेलं चित्र फक्त इटलीतच विकता येतं, आणि भाव निम्म्यावर आला तरी कुणाला नवल वाटत नाही.

१९५४ चं चित्र, २०२४ साल. सगळ्यांना वाटत होतं की डिसेंबरपर्यंत वेळ आहे. निवेदन द्यायचं, वर युरोपीय संघाबाहेर जायचं म्हणून दुसरा परवाना घ्यायचा (५० वर्षांहून जुनं आणि दीड लाख युरोच्या वरचं पेंटिंग असेल तर तो लागतोच), आणि निघायचं.

जुलैत चित्र रेस्टोररकडे, म्हणजे जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्याकडे, गेलं. मागच्या बाजूने खाकी कागद डकवलेला होता आणि खालच्या पट्टीशी कॅनव्हास सैल पडला होता. रेस्टोररने कागद ओला करून सोडवला. मी शेजारीच होते. आत पाइनची चौकट, गंजलेले बारीक खिळे, वरच्या पट्टीवर कोळशाने लिहिलेलं '५४'. खालच्या पट्टीवर, इतकी वर्षं कागदाखाली झाकलेलं, एक लेबल. डावा कोपरा फाटलेला, डिंक पिवळा पडून काचेसारखा चकाकत होता. टाइपरायटरने चित्रकाराचं नाव, चित्राचं नाव, प्रदर्शनाचं गाव. तळाशी तारीख: मार्च–एप्रिल १९५४. बाजूला निळ्या मेणपेन्सिलीने एक आकडा.

रेस्टोरर खूश झाला. खूश होण्यासारखंच होतं, कारण त्या प्रदर्शनाचं नाव अभ्यासकांना माहीत आहे आणि असं लेबल म्हणजे चित्राच्या कुंडलीत राजयोग. पण मार्च १९५४ मध्ये भिंतीवर लागलेलं चित्र त्याआधी पुरं झालेलं असणार. म्हणजे सत्तरी मार्चमध्येच उलटली होती. ज्या कागदाने किंमत वाढायची त्यानेच वाट अडवली.

कोणते पर्याय समोर होते

थोरल्यांनी एका वाक्यात निकाल लावला. "कागद परत लाव." त्यांचं म्हणणं असं की चित्रकाराने स्वतःच्या हाताने ५४ लिहिलंय, आर्काइव्ह ५४ म्हणतं, आपण ५४ लिहू. सरकार काय टाइपरायटरची अक्षरं वाचायला येणार आहे? त्यांच्या उमेदीच्या काळात असले किस्से जेवणाच्या टेबलावर मजेत सांगितले जात, आणि थोरले ते मजेतच सांगत.

धाकट्याने त्यातून मधला रस्ता काढला. लेबल झाकायचं नाही, पण बोलायचंही नाही. निवेदनात साल लिहायचं, महिना कुणी विचारत नाही. वकिलाने हे ऐकून फक्त दोन गोष्टी सांगितल्या. जाणूनबुजून खोटं निवेदन हा गुन्हा आहे, आणि मार्च २०२२ पासून कलावस्तूची बेकायदा निर्यात थेट दंडसंहितेत गेली आहे. शिक्षा २ ते ८ वर्षं.

लेकीचं मत उलट टोकाचं. लेबल उघड करायचं, कॅटलॉगमध्ये मोठं छापायचं आणि रीतसर परवाना मागायचा. तिला खात्री होती की तो मिळेल. या चित्रकाराची याच काळातली कामं इटलीतल्या संग्रहालयांत आहेत, मग एक बाहेर गेलं तर बिघडलं कुठे?

चौथा पर्याय कुणाचाच नव्हता. अर्जच करायचा नाही, अमेरिकनाचा बयाणा परत द्यायचा आणि चित्र इटलीतच, कुठलाही शिक्का नसलेलं, विकायचं. भाव लंडनपेक्षा कमी आला असता, पण नोतीफिका झालेल्या चित्रापेक्षा खूप जास्त. बाईंनी हे एकदा बोलून दाखवलं. कुणी लक्ष दिलं नाही. समोर आलेला आकडा डोळ्यांपुढून हलत नव्हता.

आणि एक गोष्ट तर कुणी बोललंच नाही. चित्र आपलं नव्हतं.

काय केलं

रविवारच्या जेवणावर विषय निघाला. तिथे मी नव्हते, पण धाकट्याने दुसऱ्या दिवशी कॉफी पिताना सगळं सांगितलं. थोरले आणि लेक अर्धा तास एकमेकांवर आवाज चढवत होते. बाई फळं कापत होत्या. सुरी खाली न ठेवता त्यांनी विचारलं, "निवेदनावर सही कोणाची जाते?"

सही कंपनीच्या कायदेशीर प्रतिनिधीची जाते, आणि वाटणीनंतर ती लेक होती.

"म्हणजे पापा, तुमचा शब्द आणि तुरुंग माझा," लेक म्हणाली. थोरले उठून आत गेले. आठवडाभर दालनात कुणाशी बोलले नाहीत, आले की डबे उघडून कार्डं चाळत बसायचे. माझ्या मते खरी वाटणी त्या रविवारी झाली, नोटरीकडे झालेली फक्त कागदावरची.

मग लेकीने हुकूम दिले. लेबलाचे फोटो आर्काइव्हला गेले. त्यांनी साल १९५४ च ठेवलं, पण प्रदर्शनाची नोंद चढवली. सप्टेंबरच्या सुरुवातीला निर्यात कार्यालयात अर्ज दाखल झाला. शिक्षिकेला फोन झाला तो त्यानंतर, आणि तोही "कागदपत्रांचं काम सुरू आहे, थोडा उशीर होईल" एवढाच.

ठरल्या दिवशी आम्ही चित्र व्हॅनमधून कार्यालयात नेलं. लांबलचक खोली, वर ट्यूबलाइट, टेबलावर राखाडी फेल्ट. अधिकाऱ्यांनी आधी चित्र पाहिलं, मग उलटं केलं. त्यांच्यातल्या एका बाईंनी खिशातून भिंग काढलं आणि लेबलावर धरलं. बराच वेळ धरलं. शेवटी "सुंदर आहे" असं म्हणाल्या आणि माझ्या पोटात गोळा आला.

निष्पत्ती

चाळीस दिवसांच्या हिशेबात आर्ट फेअर हातची गेलीच होती. अमेरिकन ग्राहक सभ्य निघाला, बयाणा परत घेऊन "पुढे बघू" म्हणाला. ते पुढे कधी आलं नाही.

त्यानंतर नकाराची पूर्वसूचना आली. तिला उत्तर द्यायला दहा दिवस असतात. अधिकाऱ्यांना २०१७ च्या डिसेंबरातल्या आदेशातले निकष लावावे लागतात: गुणवत्ता, दुर्मीळता, ते काम किती प्रातिनिधिक आहे, एखाद्या ऐतिहासिक समूहाचा भाग आहे का, संग्रहाच्या इतिहासात त्याला काय स्थान आहे, वगैरे. सूचनेतला सगळा भर त्या प्रदर्शनावर होता. तिथे लागलेल्या चित्रांपैकी हे एक, म्हणून महत्त्वाचं. आम्ही संग्रहालयांतल्या तत्सम चित्रांची यादी जोडून उत्तर दिलं. ते वाचलं गेलं असावं, कारण अंतिम आदेशात त्याचं एका परिच्छेदात खंडन होतं. परवाना नाकारला गेला, आणि काही महिन्यांत चित्र राष्ट्रीय ठेवा झालं.

प्रशासकीय न्यायालयात जायला ६० दिवस होते. शिक्षिका जायला तयार नव्हत्या. त्यांना नोतीफिका हा शब्द आमच्याकडून नव्हे, घरी आलेल्या सरकारी पत्रातून कळला होता. त्या दालनात आल्या तेव्हा भांडल्या नाहीत. शाळेत फळ्यासमोर उभं राहून मुलाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "हे होऊ शकतं हे तुम्हाला माहीत होतं?" लेकीने हो म्हटलं. "मग मला का नाही सांगितलं?" याला उत्तर नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्यांच्या वकिलाचं पत्र आलं.

२०२५ च्या उन्हाळ्यात त्याच प्रांतातल्या एका कारखानदाराने चित्र घेतलं. किंमत लंडनच्या आकड्याच्या निम्म्याहून थोडी वर. घोषित चित्राची विक्री सरकारला कळवावी लागते आणि सरकारला त्याच भावात स्वतः घ्यायचा हक्क ६० दिवस असतो. तेवढे दिवस चित्र आमच्याकडेच पडून होतं. सरकारने घेतलं नाही. दालनाने कमिशन सोडलं आणि वर पदरचे काही पैसे घालून शिक्षिकेशी मिटवलं. ते पैसे बाईंनी काढून दिले, आणि कोणत्या खात्यातून दिले ते थोरल्यांना सांगितलं नाही.

योगायोग असा की त्याच जुलैत इटलीने चित्रांवरचा व्हॅट २२ वरून ५ टक्क्यांवर आणला. धाकटा म्हणाला, "वर्षभर थांबलो असतो तर घरच्या बाजारातच बरा भाव आला असता." ते खरंही असेल, पण २०२४ च्या जुलैत ते कुणाला दिसणार?

वेगळं काय करता आलं असतं

पहिली चूक माझी. चित्र आलं तेव्हा कंडिशन रिपोर्टमध्ये, म्हणजे त्याच्या स्थितीच्या नोंदीत, मी लिहिलं होतं: "मागील बाजू खाकी कागदाने बंद, सुस्थितीत." कागद उघडून बघू का, हे विचारायला हवं होतं. एप्रिलमध्ये लेबल दिसलं असतं तरी सत्तरी टळली नसती, पण ग्राहकाला शब्द देण्याआधी सगळं टेबलावर आलं असतं. बयाणा हातात नसता तर बाईंचा चौथा पर्याय कुणीतरी ऐकलाही असता.

लेबल उघड करायचा निर्णय बरोबर होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण घरातलं भांडण 'लपवायचं की अर्ज करायचा' एवढ्यावरच रंगलं, आणि लपवायचं नाही असं ठरताच अर्ज करायचा हे आपोआप ठरून गेलं. या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. प्रामाणिक राहण्यासाठी अर्ज करावाच लागतो असं नाही, चित्र देशातच ठेवलं की झालं. लेकीला बापाविरुद्ध जिंकायचं होतं, आणि त्या भरात तिने खरेपणाबरोबर जोखीमही गळ्यात घेतली. फक्त गळा दुसऱ्याचा होता.

चित्राच्या मालकिणीला, त्या शिक्षिकेला, आधी न विचारणं ही सगळ्यांत महाग पडलेली गोष्ट. तिला दोन आकडे सांगायला हवे होते, बाहेर गेलं तर इतके, अडकलं तर इतके, आणि मग विचारायला हवं होतं. माझा अंदाज आहे की ती शिक्षिका थोडक्यात समाधान मानणारी होती, तिने कमी पण खात्रीचा भाव घेतला असता. थोरल्यांच्या पद्धतीत मालकाला तपशील सांगायची रीत नव्हती, "आमच्यावर सोडा" म्हणायचं की झालं. लेकीने थोरल्यांचं सगळं नाकारलं, नेमकं हे तेवढं उचललं.

आता दालनाच्या करारात तिसरं पान आहे. निर्यातीचा अर्ज मालकाच्या लेखी संमतीशिवाय होत नाही, आणि नकाराचा परिणाम काय होतो ते तिथे साध्या शब्दांत लिहिलंय. चित्र दारातून आत आलं की त्याच दिवशी मागचा कागद उघडतात. थोरल्यांच्या डब्यातल्या कार्डांवर नवा रकाना आलाय, सालाच्या पुढे महिना. तो त्यांनी स्वतःच आखला, कुणी सांगितलं नव्हतं.

कारखानदाराच्या घरी चित्र टांगायला मी आणि फ्रेमवाला गेलो होतो. खाकी कागदाऐवजी आता मागे पांढरा पुठ्ठा आहे. फ्रेमवाल्याने त्यात खालच्या बाजूला लेबलाएवढी खिडकी कापून पारदर्शक पत्रा बसवला होता. मालकाने भिंतीला लावण्याआधी चित्र उलटं करून मुलांना दाखवलं, आणि धाकट्या मुलीने त्या खिडकीवर बोट ठेवून महिना वाचला.